वर्गाबाहेर पडलेली पिढी : हैदराबाद संस्थानातील १९३८ ची विद्यार्थी चळवळ

हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्यात १९३८ या वर्षाला दोन कारणांनी महत्त्व आहे. स्टेट काँग्रेसचा पहिला सत्याग्रह याच वर्षी झाला आणि याच वर्षाच्या हिवाळ्यात संस्थानातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ गीताच्या प्रश्नावर वर्ग सोडले. पहिल्या घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरीचा उल्लेख बहुधा पहिलीच्या ओघात, एखाद-दुसऱ्या परिच्छेदात येऊन जातो. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, ज्यांच्या पाठीशी कोणतीही मान्यताप्राप्त संघटना नव्हती आणि ज्यांचे वयही सोळा ते बावीसच्या घरात होते, अशा तरुणांची ती चळवळ होती. तिने मागितले काय, तिला मिळाले काय आणि त्या तरुणांचे पुढे झाले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी सहजासहजी जुळत नाहीत. म्हणूनच ती स्वतंत्रपणे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

संस्थान आणि त्याचे विद्यापीठ

सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या या संस्थानाची लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेत दीड कोटीहून अधिक होती. तिच्यात तेलुगू भाषकांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास, मराठी भाषकांचे सुमारे एक चतुर्थांश आणि कानडी व उर्दू भाषकांचे प्रत्येकी दहाव्या हिश्शाच्या जवळपास होते. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. १९११ मध्ये गादीवर आलेले मीर उस्मान अली खान हे राज्याचे सर्वाधिकारी होते. जनतेला जबाबदार असे विधिमंडळ नव्हते. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या परिपत्रकानुसार सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. खासगी शाळा काढण्यावरही निर्बंध होते.

अशा राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१९ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. या विद्यापीठाचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. इंग्रजीचे जोखड बाजूला सारून एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा पहिला मोठा प्रयोग होता. त्यासाठी भाषांतर विभाग उभारण्यात आला आणि विज्ञान, वैद्यक, कायदा, इतिहास अशा विषयांवरील ग्रंथ उर्दूत आणले गेले. स्वभाषेतून शिक्षण हे तत्त्व निःसंशय योग्य होते. परंतु ज्या भाषेची निवड झाली ती प्रजेपैकी फार थोड्यांची मातृभाषा होती. परभणीच्या वा वरंगळच्या मुलाला इंग्रजीऐवजी उर्दू आली, एवढाच फरक पडला. मराठी किंवा तेलुगू त्याच्या वर्गाबाहेरच राहिली. पोशाखाच्या बाबतीतही शेरवानीचा दंडक होता.

या परिस्थितीत मातृभाषेचा संसार शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या आश्रयाने चालला. हैदराबादेत १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् स्थापन झाले. १९०७ मध्ये केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींच्या प्रयत्नांतून विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. औरंगाबादेत सरस्वती भुवन आणि अंबाजोगाईत योगेश्वरी या संस्था निघाल्या. १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. राजकीय सभा भरवणे दुर्घट, पण वाचनालयात वर्तमानपत्र वाचणे शक्य होते; राजकीय भाषणाला परवानगी मिळणे कठीण, पण साहित्यविषयक व्याख्यान होऊ शकत होते. संस्थानातील तरुणांचे राजकीय शिक्षण या फटीतून झाले. पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांतून त्यांना बाहेरच्या हिंदुस्थानाची खबर मिळत होती. १९३७ मध्ये ब्रिटिश प्रांतांत निवडणुका होऊन लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली, ही वार्ताही त्यांनी अशीच वाचली. शेजारच्या वऱ्हाडात जे घडते ते आपल्याकडे का घडू नये, हा प्रश्न त्यातून साहजिकच उभा राहिला.

बंदीचा हिवाळा

१९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच वर्षी राज्यकारभारातील सुधारणा सुचवण्यासाठी सरकारने अरवमुदु अय्यंगार समिती नेमली. अपेक्षा वाढत होत्या. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचा निर्णय झाला; परंतु संघटना रीतसर जन्माला येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सर अकबर हैदरी यांच्या सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने बंदी मोडून सत्याग्रहाला प्रारंभ केला. अंबाजोगाईच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सोडून आलेले स्वामी रामानंद तीर्थ हेही या सत्याग्रहात तुरुंगात गेले.

ज्यांना कालपर्यंत ‘गुरुजी’ म्हणून हाक मारली ते आज बेड्या घालून जात आहेत, हे दृश्य विद्यार्थ्यांवर परिणाम केल्यावाचून राहिले नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि त्यापाठोपाठ उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ठिणगी पडली. वसतिगृहातील हिंदू विद्यार्थी सायंप्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणत असत. हे गीत राजकीय व आक्षेपार्ह आहे असे ठरवून अधिकाऱ्यांनी ते म्हणण्यास मनाई केली. विद्यार्थ्यांनी मनाई मानली नाही. त्यांना आधी वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले. वर्गांवर बहिष्कार पडताच महाविद्यालयांतून त्यांची नावे कमी करण्यात आली. हे लोण गुलबर्गा, वरंगळ, महबूबनगर येथील महाविद्यालयांपर्यंत पोहोचले. मराठी, तेलुगू आणि कानडी या तिन्ही भाषांचे शेकडो विद्यार्थी एकाच प्रश्नावर शिक्षणाला मुकले. संस्थानात तीन भाषांची मुले राजकीय कृतीसाठी इतक्या मोठ्या संख्येने एकत्र आल्याचे त्यापूर्वी क्वचितच दिसले होते.

या निर्णयाची किंमत आज सहज ध्यानात येत नाही. खेड्यातील कुटुंबात मॅट्रिक झालेला मुलगा ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. संस्थानात नोकरी मिळायची तर ती प्रामुख्याने सरकारी आणि तिचा दरवाजा म्हणजे उस्मानियाची पदवी. वर्ग सोडणे म्हणजे एका वर्षाचे नुकसान नव्हे. घरातील सर्वांनी पोटाला चिमटा घेऊन पाहिलेले स्वप्न मोडणे होय. मुलगा काळ्या यादीत गेला तर घरातील इतर नोकरदारांवरही सरकारची वक्रदृष्टी होण्याची भीती होती. हे सर्व जाणून ही मुले बाहेर पडली.

तुरुंगाच्या भिंतीआड तर याहून कठोर प्रसंग घडले. आर्य समाजाचे तरुण कार्यकर्ते रामचंद्रराव यांना तुरुंगात ‘वंदे मातरम्’चा घोष केल्याबद्दल फटक्यांची शिक्षा झाली. प्रत्येक फटक्यागणिक त्यांनी तोच घोष केला, अशी आठवण सांगितली जाते. पुढे ‘वंदे मातरम् रामचंद्रराव’ हेच त्यांचे नाव होऊन बसले.

२४ डिसेंबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. आर्य समाज व हिंदू महासभा यांचे सत्याग्रह त्याच वेळी चालू असल्याने आपल्या राजकीय लढ्याला धार्मिक रंग चढू नये, असा त्यामागे विचार होता. राजकीयदृष्ट्या तो निर्णय समजण्यासारखा होता. परंतु विद्यार्थ्यांची अवस्था त्यामुळे विचित्र झाली. वडीलधाऱ्यांची चळवळ थांबली होती आणि मुलांची नावे तर पटावरून उतरली होती.

नागपूरने उघडलेले दार

या टप्प्यावर चळवळ विरून जाण्याची शक्यता मोठी होती. तसे झाले नाही, याचे श्रेय संस्थानाबाहेरील एका विद्यापीठाला द्यावे लागते. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू त्या वेळी तु. ज. केदार होते. हैदराबादेतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा रविशंकर शुक्ल यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते, ही गोष्टही अनुकूल ठरली. वऱ्हाडातील अमरावती आणि महाकोशलातील जबलपूर येथील महाविद्यालये त्या काळी याच विद्यापीठाच्या कक्षेत येत. काझीपेठ-बल्लारशा हा लोहमार्ग नुकताच, विसाच्या दशकाच्या अखेरीस, पुरा झाला होता. वरंगळकडील मुलांना नागपूर त्यामुळे जवळ आले होते.

वरकरणी पाहता ही एक प्रशासकीय बाब होती : दुसऱ्या विद्यापीठातून नाव कमी झालेल्या विद्यार्थ्याला दाखल करून घ्यावे की नाही? उर्दू माध्यमातून शिकून आलेल्या मुलांना इंग्रजी माध्यमात सामावून घ्यायचे, त्यांच्या उत्तीर्ण परीक्षांना मान्यता द्यायची, एका संस्थानी सरकारची नाराजी ओढवून घ्यायची, असे कितीतरी प्रश्न त्यात गुंतलेले होते. नियमावर बोट ठेवून नकार देणे सर्वांत सोपे होते. केदारांनी तो सोपा मार्ग घेतला नाही. ‘वंदे मातरम्’ चळवळीचा हा भाग घोषणांच्या इतिहासात बसत नाही, परंतु तिच्या फलिताचा विचार करता त्याचे मोल सर्वाधिक आहे. बहिष्काराने या मुलांना राजकारणात आणले आणि नागपूरच्या प्रवेशपत्रांनी त्यांना शिक्षणात टिकवून धरले. ज्या चळवळीत तरुणांचे शिक्षण कायमचे तुटते तिचे सैनिक होतात, पण पुढे राज्य चालवू शकणारी माणसे तिच्यातून क्वचितच निघतात. हैदराबादच्या बाबतीत दोन्ही घडले, याचे कारण हे उघडलेले दार होय.

चळवळीची मर्यादा

या चळवळीचे गुणगान करताना तिच्यातील उणीव झाकणे इतिहासाला धरून होणार नाही. ‘वंदे मातरम्’ हे गीत ‘आनंदमठ’ या १८८२ मधील कादंबरीतून सर्वदूर पोहोचले. त्याच्या उत्तरार्धातील देवीरूपाच्या वर्णनावर मुस्लिम समाजातून आक्षेप घेतले जात होते आणि ते विचारात घेऊनच ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने गीताची पहिली दोन कडवीच सभांत म्हणावीत असे ठरवले होते. हैदराबादेत हा प्रश्न प्रार्थनेच्या हक्काचा म्हणून उभा राहिला. हक्क न्याय्य होता, बंदी अन्याय्य होती. परंतु प्रश्नाचे स्वरूपच असे होते की शेजारच्या खोलीतील मुसलमान वर्गबंधू त्यात सहभागी होणे अवघड होते.

तो वर्गबंधू निजामाच्या बाजूचाच होता असे मात्र नव्हे. उस्मानियातूनच शिकून बाहेर पडलेले कवी मखदूम मोहिउद्दीन पुढे कम्युनिस्ट चळवळीचे नेते झाले आणि त्यांनी सरंजामशाहीशी झुंज दिली. त्याच विद्यापीठाचे पदवीधर असलेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. हे दोन प्रवाह १९३८ मध्ये एकत्र आले असते तर पुढचा इतिहास किती बदलला असता, हे सांगता येत नाही. ते एकत्र आले नाहीत आणि दहा वर्षांनी त्याची किंमत दोन्ही समाजांतील निरपराध माणसांनी मोजली, एवढे मात्र नमूद करावे लागते.

वर्गाबाहेरून मुक्तिलढ्याकडे

चळवळीची तत्काळ मागणी, म्हणजे बंदी उठवणे, पदरात पडली नाही. जुलै १९३९ मध्ये जाहीर झालेल्या राजकीय सुधारणा इतक्या तोकड्या होत्या की त्यांनी कोणाचेच समाधान झाले नाही. स्टेट काँग्रेसवरील बंदीसुद्धा जुलै १९४६ पर्यंत कायम राहिली. मग मिळाले काय? मिळाली ती माणसे. औरंगाबादेत शिक्षकाची नोकरी सोडून लढ्यात उतरलेले गोविंदभाई श्रॉफ आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्याभोवती जे तरुण जमले, त्यांतील अनेकांची राजकारणाशी पहिली ओळख १९३८ च्या हिवाळ्यात झाली होती. ऑगस्ट १९४७ मध्ये संस्थानाने भारतात सामील होण्यास नकार दिल्यावर विद्यार्थ्यांनी पुन्हा शाळा-महाविद्यालये सोडली. या वेळी कार्यक्रम तयार होता. संस्थानच्या सीमेवर उभारलेल्या शिबिरांतून त्यांनी काम केले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई १७ सप्टेंबरला संपली आणि संस्थान भारतात विलीन झाले. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

मागणी आणि धोरण

स्वातंत्र्य आल्यावर तरुणांच्या मागण्या आपोआप राज्याचे धोरण झाल्या, असे समजण्याचे कारण नाही. उस्मानिया विद्यापीठात उर्दूची जागा मराठी वा तेलुगूने घेतली नाही. ती इंग्रजीने घेतली. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास २३ ऑगस्ट १९५८ हा दिवस उजाडावा लागला. तोवर भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी विसर्जित होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. विकासातील अनुशेषाचा प्रश्न १९७४ मध्ये ऐरणीवर आणला तोही मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनीच. त्या विकास आंदोलनाला मार्गदर्शन करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ अग्रभागी होते. एका पिढीच्या विद्यार्थ्यांना घडवलेला शिक्षक दुसऱ्या पिढीच्या विद्यार्थ्यांबरोबर उभा राहिला, हा योग विरळाच म्हणावा लागेल. या प्रश्नावर १९८४ मध्ये दांडेकर समितीचा अहवाल आला आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मागणीपासून मंडळापर्यंतचे अंतर वीस वर्षांचे होते.

‘वंदे मातरम्’ चळवळीतील एका विद्यार्थ्याची वाटचाल या संदर्भात उद्बोधक आहे. तत्कालीन वरंगळ भागातून आलेले, १९२१ मध्ये जन्मलेले पी. व्ही. नरसिंह राव हे या चळवळीत सहभागी झाले होते. त्यानंतरचे त्यांचे शिक्षण संस्थानाबाहेर, पुणे व नागपूर येथे झाले. मराठीवर त्यांनी इतके प्रभुत्व मिळवले की हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद त्यांनी स्वतः केला. आंध्र प्रदेशाच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९७१ मध्ये, नलगोंडा जिल्ह्यातील सर्वेल येथे ग्रामीण मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. १९८५ मध्ये केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाल्यावर १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्यांच्या कारकिर्दीत आले आणि देशभर नवोदय विद्यालयांची उभारणी सुरू झाली. या विद्यालयांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, खालच्या इयत्तांत मातृभाषेतून किंवा प्रादेशिक भाषेतून शिकवले जाते आणि नवव्या इयत्तेत काही विद्यार्थ्यांना वेगळ्या भाषेच्या प्रांतात पाठवले जाते. ज्याला सतराव्या वर्षी शिक्षणासाठी परप्रांतात जावे लागले आणि ज्याची मातृभाषा वर्गाबाहेर ठेवली गेली होती, त्याच्या हातून हे धोरण आकाराला यावे, याचा अर्थ वाचकांनीच लावावा.

याच काळात तरुणांसंबंधीच्या धोरणाचे आणखी दोन निर्णय झाले. डिसेंबर १९८८ मध्ये पहिले राष्ट्रीय युवा धोरण संसदेपुढे ठेवण्यात आले. पुढे २००३ व २०१४ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. त्याच डिसेंबरमध्ये संसदेने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारे विधेयक संमत केले आणि २८ मार्च १९८९ पासून ६१ वी घटनादुरुस्ती अमलात आली. औरंगाबाद, वरंगळ, गुलबर्गा येथील मुलांनी वर्ग सोडल्याला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती. १९३८ मध्ये त्यांच्यातील थोरल्यांनाही राज्यकारभाराविषयी मत देण्याचा कोणताच मार्ग उपलब्ध नव्हता; एका प्रार्थनेचा आधार घेऊन त्यांनी ते मत दिले होते.

मताचा अधिकार आला, तरी त्या विद्यार्थ्यांच्या काळातील एक प्रश्न शिल्लक आहे. तरुणांनी चूक केली किंवा राज्याला चूक वाटेल असे धैर्य दाखवले, तर त्यांच्या शिक्षणाचे काय करायचे, याचे उत्तर संस्थांना दर पिढीत नव्याने द्यावे लागते. हैदराबादने तेव्हा नावे कमी केली आणि नागपूरने ती पटावर घेतली. दोन्ही निर्णय कागदावरचे, एकेका सहीचे होते. त्यांतील दुसऱ्या सहीमुळे एका पिढीचे शिक्षण पुरे झाले आणि ती पिढी मुक्तिलढ्याला, मराठवाड्याला आणि पुढे देशाला उपयोगी पडली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याला नाव मिळाले ते अंबाजोगाईच्या शाळेतून १९३८ मध्ये बाहेर पडलेल्या मुख्याध्यापकाचे, स्वामी रामानंद तीर्थ यांचे.